पेटीवरची चिठ्ठी

“सर, म्हशीनं चिठ्ठी खाल्ली!”

सातवीचा वर्ग खो खो हसायला लागला. जालिंदर हातात कागदाचा एक ओला, चघळलेला तुकडा घेऊन उभा होता. त्यावर कसंबसं ‘बापूज’ एवढंच उरलं होतं. ‘बफेलो’ म्हशीच्या पोटात गेली होती.

“पुन्हा लिही,” मी म्हणालो. “आणि या वेळी गोठ्याच्या दारावर चिकटव.”

ही सगळी माझीच करामत. इंग्रजीत एखादी वस्तू कुणाची हे सांगायचं, तर त्याच्या नावापुढे एस लावतात आणि दोघांच्या मधे वर एक बारकासा स्वल्पविराम टांगतात. पोरांनी त्याचं नाव शेंडी ठेवलं होतं. एकदा शेंडी शिकवली तर पोरं ती दिसेल त्याला द्यायला लागली. गाई अनेक झाल्या की शेंडी, मुलगा धावला तरी शेंडी. एकाने तर स्वतःच्या आडनावाला दिली. महिनाभर फळा घासून मी मेटाकुटीला आलो आणि मग मला ही युक्ती सुचली. प्रत्येकाने घरातल्या वीस वस्तूंवर मालकाच्या नावाच्या इंग्रजी चिठ्ठ्या कणकेच्या खळीने चिकटवायच्या. आई, बाबा असलं नातं लिहायचं नाही, नाव लिहायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी घरोघर येऊन तपासणार.

हेडमास्तर म्हणाले, “बिडवे, नसती उठाठेव करता तुम्ही. शाळा शाळेत ठेवावी.”

मी हसलो. सव्वीस वर्षांचा होतो, नोकरीला दुसरं वर्ष लागलं होतं आणि स्वतःच्या हुशारीवर माझा फार विश्वास होता. कोरेगावच्या पुढचं ते गाव. नाव सांगत नाही, कारण यातली माणसं अजून आहेत.

त्या शनिवारी मी अकरा घरं केली. एका म्हाताऱ्याने नातवाकडून चिठ्ठी घेऊन स्वतःच्या टोपीवर लावून घेतली होती आणि ती मिरवत तो पारावर बसला होता. दोन घरांत पोहे झाले, बाकीच्यांत चहा. बारावं घर उज्ज्वलाचं होतं.

उज्ज्वला शिंदे म्हणजे माझी लाडकी विद्यार्थिनी. मास्तरांना लाडकं कुणी नसतं असं म्हणतात, ते खोटं आहे. वर्गात शेंडी फक्त हिची चुकत नसे. दोन वर्षांपूर्वी तिची आई काविळीने गेली होती. वडील सर्जेराव दूध संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. एक दिवस मुंबईत, एक दिवस घरी, आणि कधी कधी आठ आठ दिवस पत्ता नाही. पोरीला बघायला कुणी नाही म्हणून त्यांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं. ती शेवंताबाई. वय असेल पंचवीस, म्हणजे माझ्याहूनही लहान. उज्ज्वला तिला काय म्हणते असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “काही न्हाई म्हणत, सर.” मला वाटलं पोर लाजते आहे.

“या की गुरुजी,” शेवंताबाई दारात आल्या. “उजू पाण्याला गेलीया. मालक मुंबईला. तुमी बसा, आत्ता च्या ठेवते.”

“चहा नको. नववा झालाय. चिठ्ठ्या बघतो आणि निघतो.”

त्यांनी ऐकलं नाही, चहा ठेवलाच. मी भिंतीपासून सुरुवात केली. आरशाची फ्रेम, खुंटी, जातं, कंगव्याची डबी. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक शेंडी जागच्या जागी. पहिल्या सहा चिठ्ठ्या मी मास्तर म्हणून वाचल्या आणि मनातल्या मनात बरोबरच्या खुणा केल्या. सातवीला माझा हात थांबला. यमुनाज मिरर, यमुनाज पेग, यमुनाज जार. मी मागे फिरून पुन्हा पाहिलं. पाटावर यमुना, खिडकीवर यमुना, मिठाच्या बरणीवर यमुना. यमुना हे तिच्या आईचं नाव. सर्जेरावांची एक चिठ्ठी होती, त्यांच्या जुन्या सायकलवर. शेवंताचं नाव कुठेही नव्हतं.

मला पोरीचा राग आला नाही.

शेवंताबाई चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या खाली काळ्या दोऱ्यात चांदीचा एक छोटा पत्रा होता, त्यावर बाईची आकृती उठवलेली. तो टाक. आमच्या भागात दुसरेपणाच्या बायकोला लग्नातच पहिलीचा टाक गळ्यात घालतात. नवं लुगडं आलं की आधी त्या टाकाला दाखवायचं, सणाचा घास आधी त्याला लावायचा, मग आपलं. गेलेलीचा मान आधी. शेवंताबाई बोलताना तो टाक बोटांनी चाचपत असत.

“गुरुजी, येक इचारू का?”

“विचारा की.”

“मला काय वाचता येत न्हाई. सगळ्या घराला कागदं लावल्यात पोरीनं. दोन दिस झालं, मी नुसती बघतीया.” त्या हसल्या, काही विशेष नाही अशा. “ह्यात माझं नाव कुठं हाय?”

मी इकडे तिकडे पाहिलं. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण त्या बाईने दीड वर्ष त्या घरातली चूल पेटवली होती, जातं ओढलं होतं, त्या पोरीच्या वेण्या घातल्या होत्या. मी ज्या कोपऱ्यात उभा होतो तिथे एक हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी होती. ती सगळ्यांत जवळ होती, दुसरं काही कारण नाही.

“ही काय,” मी म्हणालो. “ह्या पेटीवर आहे. शेवंताची पेटी.”

त्यांनी कप खाली ठेवला.

“ह्या पेटीवर?”

“हो.”

“ह्या पेटीला ती कुणाला हात सुदिक लावू देत न्हाई, गुरुजी.”

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण एकदा चांगुलपणा करायला घेतला की माणसाला मागे फिरवत नाही.

“लिहिलंय तर खरं,” मी म्हणालो.

त्या खाली बसल्या आणि चिठ्ठीवरून बोट फिरवायला लागल्या. “ह्यात शेवंताचा श कुठला?”

मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ते वाय होतं. त्यांनी त्या अक्षरावर अंगठा दाबला, मग टाकाला हात लावून कपाळाला लावला. मी तेराव्या घरी गेलो. मला फार बरं वाटत होतं. परोपकार केला की वाटतं तसं.

वाटेत उज्ज्वला भेटली, डोक्यावर घागर. मी म्हणालो, “शाब्बास. एकही चूक नाही.” ती हसली. त्याच वेळी तिला सांगायचं माझ्या मनात होतं की बाळ, एक चिठ्ठी त्यांच्या नावाची लाव. नसेल तर पेटीवरची तरी बदल. पण ती इतकी खुशीत होती, आणि डोक्यावर भरलेली घागर. म्हटलं, सोमवारी शाळेत सांगू.

सोमवारी मला तालुक्याला तीन दिवसांच्या शिबिराला जावं लागलं. ते शुक्रवारीच ठरलेलं होतं आणि माझ्या साफ लक्षातून गेलं होतं. तिथे मी माझ्या चिठ्ठ्यांचा प्रयोग चाळीस शिक्षकांना सांगितला. म्हशीचा किस्सा सांगून हशा मिळवला. साहेबांनी पाठ थोपटली.

गावात त्या तीन दिवसांत काय झालं ते मला नंतर तुकड्या तुकड्यांनी कळलं. शेवंताबाईंनी शनिवारी संध्याकाळीच हौदावर चार बायकांना सांगितलं, “आमच्या उजूनं विंग्रजीत माझं नाव लिवलंय. पेटीवर.” उज्ज्वलाला मात्र विचारलं नाही. विचारलं तर पोर लाजंल, असं त्यांना वाटलं. सोमवारी उज्ज्वला शाळेत गेल्यावर त्यांनी टाक गळ्यातून काढून पेटीसमोर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि पेटी उघडली. आत एक हिरवं इरकली लुगडं होतं. गुरुवारी नागपंचमी. पंचमीला पोरीच्या अंगावर नवं काही नव्हतं आणि सर्जेराव आठवडाभर आले नव्हते. पंचमीच्या दिवशी काही कापायचं नसतं, कात्री सुरी चालवायची नसते, म्हणून त्यांनी घाई केली. सोमवारी लुगडं धुतलं. मंगळवारी कापलं. मंगळवार आणि बुधवार, पोर शाळेत असताना, बसून हाताने परकर पोलकं शिवलं.

पंचमीच्या सकाळी त्यांनी ते घडी करून उज्ज्वलापुढे ठेवलं.

शुक्रवारी उज्ज्वला शाळेत आली नाही. शनिवारी मधल्या सुट्टीत सर्जेराव शाळेत आले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

“गुरुजी, जरा घरी चला. तुमच्याबिगर हे सुटायचं न्हाई.”

वाटेत ते बोलत होते, मी ऐकत होतो. पोर दोन दिवस अन्नाला शिवली नव्हती. अंगात ताप होता. भावकीतल्या बायका दारात येऊन बोलून जात होत्या, जिचा टाक गळ्यात तिच्याच लुगड्याला कात्री लावली, आता घराचं बरं व्हायचं नाही. “आन् ही म्हंती,” सर्जेराव म्हणाले, “गुरुजींनीच वाचून दाखवलं, पेटी माझी हाय म्हनून. पोरगी म्हंती, खोटं हाय, सर आसं सांगायचं न्हाईत. मी कुनाचं खरं धरू?”

शाळेपासून त्यांच्या घरापर्यंत पाच मिनिटांची वाट. तेवढ्यात मी तीनदा ठरवलं की खरं सांगायचं.

घरात उज्ज्वला भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर ते परकर पोलकं. शेवंताबाई चुलीपाशी उभ्या होत्या, पदर डोक्यावरून घेतलेला. चिठ्ठ्या जिथल्या तिथे होत्या.

मला पाहून उज्ज्वला रडायला लागली. दोन दिवस रडली नव्हती म्हणे.

“सर, तिनं आईचं लुगडं धुतलं,” ती म्हणाली. “आधी धुतलं, मग कापलं. त्याला आईचा वास हुता, सर. मी रोज नव्हते घेत. आयतवारीच फक्त उघडत हुते, वास सपू नये म्हनून.”

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे आशेने बघत होत्या. हा आता सांगेल, सगळं नीट होईल, अशा.

“गुरुजी,” सर्जेराव म्हणाले, “यका शबदात सांगा. पेटी हिची हाय असं तुमी म्हनाला हुता का?”

हो, एवढाच शब्द. उज्ज्वलाने डोळे पुसले आणि मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. दारात दोन बायका उभ्या होत्या, त्यांच्या मागे आणखी कुणी. मला हेडमास्तरांचं तोंड दिसलं. तालुक्याचे साहेब दिसले. आणि त्या पोरीचे डोळे. मी हो म्हटलं असतं तर त्यांत माझ्याबद्दल जे होतं ते त्या क्षणी विझलं असतं.

“चिठ्ठीवर,” मी म्हणालो, “यमुनाबाईंचं नाव आहे.”

“म्हंजी तुमी तसं म्हनाला न्हवता.”

मी काही बोललो नाही. न बोलणं म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना कळलं.

शेवंताबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला वाटलं आता ही ओरडेल, माझी गचांडी धरेल. धरली असती तर फार बरं झालं असतं. त्यांनी पदर नीट केला.

“मलाच उमगलं नसंल,” त्या म्हणाल्या. “अडानी मानूस मी. गुरुजींनी दुसरंच कायतरी सांगितलं आसंल.”

“अडानी न्हाईस, लबाड हाईस,” सर्जेराव ओरडले. “काढ तो टाक.”

शेवंताबाईंनी हात वर करून मानेमागची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, सोडायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही. टाक त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला, सर्जेरावांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. टाक काढला म्हणजे त्या घरातलं तिचं स्थान गेलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उज्ज्वला बघत होती. ती माझ्या बाजूने होती.

रविवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. पहिल्या गाडीने त्या माहेरी जाणार हे गावभर झालं होतं. पिंपळाखालच्या बाकावर त्या एकट्या बसल्या होत्या, बाजूला एक गाठोडं. पोचवायला कुणी आलं नव्हतं. मी जाऊन समोर उभा राहिलो. जे बोलायचं ते मी रात्रभर घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

“माझं चुकलं,” एवढंच म्हणालो.

“बसा,” त्या म्हणाल्या. मी बसलो नाही.

“मी आत्ता जाऊन सर्जेरावांना सांगतो. सगळं खरं सांगतो. तुम्ही जाऊ नका.”

“काल सांगायचं हुतं.” आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. “गुरुजी, त्या दिशी माझं नाव कुठंच न्हवतं का?”

“नव्हतं.”

“येका पन चिठीवर?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली.

“मग तसं म्हनायचं. तुजं नाव न्हाई बाई कुठं, म्हनायचं. मी काय घर सोडून जानार हुते व्हय? मला ठावंच हुतं सगळं तिचं हाय. गळ्यात घालून फिरत हुते की तिला. मी पेटीला हात लावला नसता, येवढंच.”

गाडी वळणावर दिसली. त्या उठल्या, गाठोडं उचललं. मी ते घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिलं नाही.

“मी सांगतो उज्ज्वलाला,” मी पुन्हा म्हणालो.

त्या चटकन वळल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. “न्हाई. तिला सांगू नका. आय गेली, ते लुगडं गेलं. आता तुमच्यावरचा इस्वास बी गेला तर ती शाळंत पाय ठेवायची न्हाई. लई हुशार हाय ती. तिला शिकवा.” मग पायरीवर चढता चढता म्हणाल्या, “केसांत तिच्या लई गुता हुतो. खोबरेल लावल्याबिगर इंचरू नगा म्हनावं तिच्या बाला.”

गाडी गेली. त्या पुन्हा त्या गावात आल्या नाहीत. सर्जेरावांनी दोन वर्षांनी तिसरं लग्न केलं.

मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी सांगू नका म्हटलं म्हणून नाही. ते मला सोयीचं होतं म्हणून. उज्ज्वलाला मी शिकवलं, दहावीपर्यंत, शाळा सुटल्यावर तास तासभर जास्त बसून. पोरगी कधी माझ्या शब्दाबाहेर गेली नाही. गावात कुणी त्या बाईचा विषय काढला की ती म्हणायची, “खोटारडी हुती ती. सरांचं नाव घेतलं हुतं तिनं.”

दहावीचा निकाल लागला. उज्ज्वला तालुक्यात इंग्रजीत पहिली आली. पेढे घेऊन धावत माझ्या खोलीवर आली आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.